शिकागोत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाने ब्लॅक हिस्टरी मंथमध्ये कुठे जावं, काय करावं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मुलीच्या शाळेतून ब्लॅक हिस्टरी मंथचं, म्हणजे फेब्रुवारीत पाळल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याचं, पत्रक आलंय, तर तिला काय दाखवावं? आणि इथल्या मराठी मित्रमंडळींना घेऊन त्या निमित्ताने काही करता येईल का?

पहिल्याचं उत्तर: डाउनटाउनमधल्या झगमगाटी कार्यक्रमांची तिकिटं नंतर बघा. आधी एक दिवस काढून ब्रॉन्झव्हिलला जा, शहराच्या दक्षिण भागातली, म्हणजे साउथ साइडची, ही जुनी कृष्णवर्णीय वस्ती. उपनगरात वीस-वीस वर्षं राहून तिकडे एकदाही न गेलेली मराठी माणसं मला ठाऊक आहेत. 'साउथ साइडला जाऊ नका' हा सल्ला नव्या माणसाला विमानतळावरून घरी पोचायच्या आधीच मिळतो. दिवसाढवळ्या जा, बिनधास्त जा. ग्रीन लाइन या शहरी रेल्वेच्या ज्या स्टेशनवर उतराल त्याचं नावच '३५वा रस्ता-ब्रॉन्झव्हिल-आयआयटी' आहे. हे आयआयटी म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. आपली कितीतरी मुलं तिथे शिकून गेली. त्यांच्या वास्तुकलेच्या विभागाचा तो प्रसिद्ध क्राउन हॉल जिथे उभा आहे, तिथे आधी मेक्का फ्लॅट्स नावाची भलीमोठी चाळवजा इमारत होती, कृष्णवर्णीय कुटुंबांनी गजबजलेली. ती 1952मध्ये पाडली. क्राउन हॉलचे फोटो सगळे काढतात, मेक्काबद्दल फारसं कोणी विचारत नाही.

ही वस्ती इथेच का, हे मुलीला सांगायचं असेल तर किंग ड्राइव्हवर २६व्या रस्त्यापाशी एक ब्राँझचा पुतळा आहे, तिथून सुरुवात करा. अ‍ॅलिसन सार या शिल्पकर्तीने तो 1996मध्ये केला. हातात दोरीने बांधलेली सुटकेस घेतलेला, उत्तरेकडे तोंड केलेला माणूस. जवळ जाऊन त्याचा सूट नीट बघा: तो झिजलेल्या बुटांच्या तळव्यांचा केलाय. साधारण 1916 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे आली, त्यांचं हे स्मारक. शिकागोत आल्यावर त्यांना हवं तिथे घर मिळत नव्हतं. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही, असे करारच गोऱ्या घरमालकांनी आपसांत केले होते. त्यामुळे हजारो कुटुंबं याच पट्ट्यात दाटीवाटीने राहिली, आणि इथेच त्यांची वर्तमानपत्रं, बँका, चर्चेस, जॅझचे अड्डे उभे राहिले.

तिथून दक्षिणेला वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूवरची वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेची जुनी इमारत बाहेरून तरी बघाच. कार्टर वुडसन यांनी 1915मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, ती इथे. आईवडील गुलामीतून सुटलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस पुढे हार्वर्डचा डॉक्टरेट झाला. 1926मध्ये त्यांनी फेब्रुवारीतला एक आठवडा ठरवला. लिंकन आणि गुलामीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस वस्त्यांमध्ये आधीपासून साजरे होतच होते, म्हणून फेब्रुवारी. त्या आठवड्याचा महिना झाला आणि 1976मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली. तुमच्या हातात आलेल्या पत्रकाचं मूळ म्हणजे ही इमारत.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. तिथून पायी काही मिनिटांवर, मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर आहे. बाहेरून एक जुनं घर, तुम्ही कदाचित चालत पुढे जाल. महामंदीच्या काळात सरकारने कलाकारांना काम देण्यासाठी देशभर अशी शंभरावर केंद्रं काढली होती. पगार सरकारचा, पण इमारतीचे पैसे वस्तीने उभे करायचे. ते कसे केले? 'मैलभर डाइम' अशी मोहीम काढली. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. मार्गारेट बरोज तेव्हा विशी-बाविशीतली चित्रकर्ती. हातात डबा घेऊन ती ३९व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहायची. केंद्र 1940च्या डिसेंबरात सुरू झालं, पुढच्या मे महिन्यात एलेनॉर रूझवेल्ट उद्घाटनाला आल्या. युद्धकाळात सरकारी पैसा आटला आणि बाकीची बहुतेक केंद्रं मिटली. हे अजून चालू आहे. छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांची डार्करूम इथल्या तळघरात होती. ग्वेन्डोलिन ब्रुक्स इथल्या कवितेच्या वर्गाला यायच्या. 1950मध्ये त्या पुलित्झर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका झाल्या. प्रदर्शनाच्या खोलीत चित्रं बघून झाली की लाकडी भिंती बघा. त्या खिळ्यांच्या भोकांनी भरल्यात, आजवरच्या प्रदर्शनांच्या.

याच बरोजबाईंनी 1961मध्ये नवऱ्याबरोबर जवळच्याच आपल्या राहत्या घरात एक संग्रहालय थाटलं. त्याचं पुढे ड्यूसाबल म्युझियम झालं आणि ते 1973मध्ये वॉशिंग्टन पार्कात गेलं. शाळकरी मुलांसाठी ते चांगलंच आहे, फेब्रुवारीत गर्दी असते एवढंच. वेळा साइटवर बघून जा.

तरी फेब्रुवारीपुरतं थांबू नका. शिकागोतल्या कडाक्याच्या थंडीत अर्धी मजा घरातच राहते. ऑगस्टचा दुसरा शनिवार आत्ताच कॅलेंडरवर टाका: बड बिलिकन परेड. 'शिकागो डिफेंडर' या वर्तमानपत्राचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी ती 1929मध्ये मुलांसाठी सुरू केली. बिलिकन हे त्या पेपरच्या मुलांच्या पानावरचं काल्पनिक पात्र. शाळा सुरू होण्याआधी मुलांना दप्तरं, वह्या वाटायचा रिवाज अजून आहे. गणपतीआधी आपली ढोल-ताशा पथकं जशी तालमी करतात तशा तालमी करून आलेल्या ड्रिल टीम्स रस्त्यावर उतरतात, झेंडे आणि नकली रायफली हवेत भिरकावून झेलतात. मुलगी तासभर तरी हलणार नाही.

दुसरा प्रश्न, मंडळाचा. आपल्याच मुलांना मार्टिन ल्यूथर किंग बनवून स्टेजवर चढवायचा कार्यक्रम कृपया करू नका. मी असे पाहिलेत. हेतू चांगला असतो, पण बघताना अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा तिथल्या एखाद्या कलाकाराला किंवा कथा सांगणाऱ्याला बोलवा आणि व्यवस्थित मानधन द्या. 'तुम्हाला एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. आपल्याकडून सांगण्यासारखं खरोखर आहे ते सांगा. जोतीराव फुल्यांनी 1873मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. आणि 1946मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंतांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं होतं. पाहुण्यांसमोर हे दहा मिनिटांत मांडा, मग माइक त्यांच्याकडे द्या आणि ऐका.

जेवण मात्र आपलं ठेवा. तिखट किती आहे ते आधी सांगून.