लीड्सला पोचलीस की मतदार यादीत नाव घाल

अगं, सिमकार्ड, बँकेचं खातं होईलच. पण खोली मिळाली की लगेच मतदार नोंदणी कर. आपण राष्ट्रकुलातले, म्हणून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. कितीतरी मुलांना हे पदवी घेऊन परतेपर्यंत कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

४ जुलै २०२४ला मी चर्चच्या हॉलमध्ये मत दिलं. गुरुवार होता, सुट्टी नव्हती; मतदान सकाळी ७ ते रात्री १०. ओळखपत्र म्हणून आपला पासपोर्ट चालला. कागदी मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल, नावासमोर फुली. बोटाला शाई लागत नाही. मी तरी सवयीनं बोट पुढे केलंच. दाराशी एक आजोबा कुत्रा घेऊन रांगेत उभे होते.

कौन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक कर, घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर माफ असतो. बिल आलंच तर विद्यापीठाचं पत्र पाठव.

आणि इथले खासदार, नगरसेवक ‘सर्जरी’ घेतात, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतात. भिंतीला बुरशी आली आणि घरमालक दाद देत नसेल तर बिनधास्त जा. फोटो आणि भाडेकरार सोबत ने.