छोट्या हत्तीत दोन डर्ट बाइक न्यायच्या आहेत, त्या पक्क्या कशा बांधाव्यात?

तुमची अडचण अशी, की इंदूरहून नाशिकला एक एक्सपल्स 200 आणि एक 250 सीसीची मोटोक्रॉस बाइक छोट्या हत्तीतून न्यायची आहे. गाडीवाला म्हणतो, “साइड स्टँड पे खडी कर देंगे, रस्सी मार देंगे, कुछ नी होता भिया,” आणि तुमचं मन काही तयार होत नाही. ते बरोबरच आहे. साइड स्टँडवर उभी करून बाइक नेऊ देऊ नका, मग तो कितीही अनुभवी असो. वरून दोरी आवळली की सगळा दाब स्टँडच्या ब्रॅकेटवर येतो आणि चारशेच्या वर किलोमीटरभर प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच एका जागी बसतो. ब्रॅकेट वाकतं, कधी फ्रेमजवळच्या वेल्डिंगला चीर जाते. बाइक सरळ उभीच न्यायची, स्टँड वर करून.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पट्टा तुटून बाइक पडल्याचं फार क्वचित ऐकायला मिळतं. पडते ती पट्टा क्षणभर ढिला झाल्यामुळे. गाडी खड्ड्यात आदळली की बाइकचे पुढचे शॉकअप दबतात, हँडल खाली येतं आणि पट्ट्याची दोन टोकं जवळ येतात. त्या पाव सेकंदात पट्टा सैल पडतो आणि उघड्या तोंडाचा हुक कडीतून निसटतो. शॉकअप परत वर येतात तेव्हा एकाच बाजूचा पट्टा ओढत असतो, आणि बाइक त्या बाजूला कलंडते. म्हणून पुढे जे काही सांगतोय ते एवढ्यासाठीच, की पट्ट्यात क्षणभरही झोल येऊ नये, आणि आलाच तर हुक सुटू नये.

आता जागा. छोट्या हत्तीचा हौदा साधारण 2200 मिमी लांब, 1490 मिमी रुंद आणि बाजूचे फाळके 300 मिमी उंच. वजनाची काळजी नको, दोन्ही बाइक मिळून पावणेतीनशे किलोच्या आतच भरतील. अडचण लांबीरुंदीची आहे. दोन्ही बाइक सव्वादोन मीटरच्या आसपास लांब, आणि प्रत्येकीचं हँडल साधारण 85 सेंमी रुंद. दोन्ही तोंडं पुढे करून लावल्या तर हँडलं एकमेकांत अडकतात. एक बाइक फूटभर मागे घ्यावी म्हटलं तर हौदा पुरत नाही, आणि मागचा फाळका उघडा टाकून चाक बाहेर काढायचं तर मोटार वाहन कायद्याच्या 194 (1अ) कलमाखाली बाहेर आलेल्या मालाला 20,000 रुपये दंड आहे. हँडल बाजूने बाहेर आलं तरी तेच कलम.

माझं स्पष्ट मत विचाराल तर दोन मोठ्या बाइकसाठी नऊ फुटी बोलेरो पिकअप घ्या. तिचा हौदा अडीच मीटरच्या वर लांब आणि सुमारे 1.7 मीटर रुंद असतो, त्यामुळे एक बाइक थोडी मागे सरकवून दोन्हींची तोंडं पुढे ठेवता येतात. भाडं थोडं जास्त पडेल, ते द्यावं. छोटा हत्तीच ठरला असेल तर एक बाइक सरळ आणि दुसरी उलटी लावा, म्हणजे एक हँडल पुढे आणि एक मागे राहील. एक्सपल्स किंचित तिरकी घ्यावी लागेल, तेवढं चालतं. मागचा फाळका बंद होतोय याची मात्र खात्री करून घ्या.

खरी मेख बांधायच्या जागांची आहे. छोट्या हत्तीला दोरीचे हुक बाहेरच्या बाजूला, फाळक्यांच्या खाली असतात. बाहेरचा पट्टा तिथे अडकतो, पण फाळक्याच्या पत्र्याची कड धारदार असते आणि गाडी हलत राहिली की ती पट्टा करवतीसारखी कापते. तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून ठेवा. आतल्या बाजूच्या पट्ट्याला मात्र हुकच नसतो. गाडी स्वतःची असेल तर इंदूरच्या लोहामंडीतून जाड कड्या घेऊन हौद्याच्या पुढच्या भिंतीच्या तळाशी, दोन कोपऱ्यांत आणि एक मध्यावर, खालच्या चॅनेलला वेल्ड करून घ्या. नुसत्या पत्र्याला वेल्ड केलेली कडी पत्र्यासकट उपटून येते. भाड्याच्या गाडीत वेल्डिंग करता येणार नाही. तिथे आतला पट्टा दुसऱ्या बाइकच्या इंजिनाखालून पलीकडच्या बाहेरच्या हुकाला न्यायचा, सायलेन्सरला न टेकवता. केबिनमागच्या जाळीच्या बारीक सळ्यांना पट्टा बांधू नका.

बांधायला सरळ बाइकपासून सुरुवात करा. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला घट्ट टेकवा आणि एकाने बाइक धरून ठेवायची. ब्रेक लागल्यावरचा धक्का भिंत झेलते, पट्ट्यांवर येत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण युरोपातल्या माल बांधण्याच्या नियमांत पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या 80 टक्के आणि बाजूला 50 टक्के जोर धरतात. 160 किलोच्या एक्सपल्ससाठी तो पुढे सव्वाशे किलोच्या वर आणि बाजूला 80 किलो होतो. पट्टा हँडलच्या टोकाला बांधू नका. तिथून ओढलं की हँडल क्लॅम्पमध्ये फिरतं, शिवाय क्लच केबल आणि ब्रेकचा पाइप चेंगरतो. शॉकअपच्या खालच्या टीला, म्हणजे दोन्ही शॉकअप जोडणाऱ्या खालच्या आडव्या क्लॅम्पला, कापडी लूप घाला आणि पट्ट्याचा हुक त्या लुपात अडकवा, म्हणजे रंगही खरवडत नाही. तिथून पट्टा खाली, पुढे आणि बाहेर, साधारण 45 अंशात गेला पाहिजे. पट्ट्याला मध्ये अर्धा पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यावर फडफडतो आणि फडफडून रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायची दातेरी कळ, सैल होत जातं. एका अर्ध्या पिळाने ते थांबतं.

मग दोन्ही बाजू आळीपाळीने आवळा, डावीकडे दोन टकटक, उजवीकडे दोन टकटक, आणि हँडल सरळ आहे ना ते पाहत राहा. किती आवळायचं? एक्सपल्सच्या पुढच्या शॉकअपला 190 मिमी खेळ आहे, त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपास दबला की बस. मोटोक्रॉसवर तो खेळ 300 मिमीच्या आसपास असतो, तिथे दहा सेंटिमीटर दाबा. पुरता तळाला नेऊ नका. रॅचेटमध्ये जोर फार असतो, हाताला कळतही नाही इतका, आणि तासन्‌तास तसं दाबून ठेवलं तर ऑइल सील पाझरू शकतात. मोटोक्रॉससाठी चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये, खालच्या टीच्या बरोबर खाली, एक लाकडी ठोकळा बसवा. त्यामुळे शॉकअप ठरावीक मर्यादेच्या खाली दबतच नाहीत आणि पट्टा ढिला व्हायचं कारणच उरत नाही. सुताराकडून सागाचा तुकडा मापाने कापून घेतला तरी काम होतं.

उलट्या बाइकचं मागचं चाक भिंतीला टेकवायचं. इथे लोक चुकतात ते असं, की पुढच्या टीचे पट्टे मागच्या फाळक्याकडे ओढतात आणि बाइक भिंतीपासून सुटते. ते पट्टे हौद्याच्या मध्यावरच्या हुकांना न्या, म्हणजे ओढ खाली आणि केबिनकडे राहील. मागून फुटरेस्टच्या ब्रॅकेटपासून आणखी दोन पट्टे भिंतीच्या कोपऱ्यांकडे. चारही पट्ट्यांची ओढ केबिनकडेच हवी.

सरळ बाइकच्या मागच्या भागाला दोन हलके पट्टे पुरतात, सबफ्रेम (सीटखालचा सांगाडा) किंवा स्विंगआर्मपासून (मागचं चाक धरणारा दांडा). त्यांचं काम फक्त मागचं चाक बाजूला उडू न देण्याचं आहे. चाकाखाली रबरी मॅट टाका, ऑइल सांडलेल्या पत्र्यावर टायर सहज सरकतो. बाइक गिअरमध्ये ठेवा. पेट्रोल पाव टाकीच असू द्या, कार्बोरेटर असेल तर कॉक बंद. मोटोक्रॉसला नंबर नसतो, तेव्हा तिचं बिल जवळ ठेवा.

पट्टे इंदूरच्या सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतील. पॉलिएस्टरचेच मागा. नायलॉन ओलं झालं की ताणतं, दोरीचंही तेच. लेबलवर तुटण्याचा आकडा मोठा छापलेला असतो, तुम्ही कामाच्या भाराचा आकडा पाहा. तो 250 किलो तरी हवा. हुकाला जीभ असलेले, म्हणजे आपोआप न निसटणारे घ्या. कॅम बकलवाले, म्हणजे रॅचेटऐवजी पट्टा दाबून धरणाऱ्या बकलचे, मिळाले तर पुढच्यासाठी तेच उत्तम, कारण ते हातानेच आवळायचे असल्यामुळे शॉकअप गरजेपेक्षा जास्त दबत नाहीत.

सगळं बांधून झालं की हँडल धरून बाइक जोरात हलवा. बाइकबरोबर अख्खी गाडी तिच्या पाट्यांवर डोलली पाहिजे. बाइक एकटीच हलली तर पुन्हा आवळा.

रस्त्यात पहिला थांबा राऊ ओलांडल्यावर लगेच घ्या, कारण नवे पट्टे पहिल्या काही किलोमीटरांतच बसतात आणि सैल होतात. नंतर मानपूरला, गणेश घाटाचा उतार लागण्याआधी. त्या उतारावर ब्रेक फेल झालेल्या ट्रकांचे अपघात वारंवार झालेले आहेत, तिथे कुणी अचानक ब्रेक मारला तर तुमचे पट्टे तयार असले पाहिजेत. पुढे खलघाटला नर्मदेच्या पुलाजवळ, आणि सेंधव्यात, बिजासन घाटाच्या आधी. प्रत्येक वेळी आठही पट्ट्यांवर हात फिरवा, नजरेने कळत नाही. शिरपूर-धुळ्याकडे रात्रीचा मुक्काम झाला तर पुढचे पट्टे थोडे सैल करा आणि सकाळी पुन्हा आवळा.

नाशिकला उतरवताना घाई नको. दाबलेले शॉकअप रॅचेट उघडताच उसळतात आणि त्याच झटक्यात बाइक पलीकडे जाते. एकाने बाइकवर बसून पुढचा ब्रेक धरावा, दुसऱ्याने आधी मागचे पट्टे सोडावेत आणि मग पुढचे. बाहेरच्या बाजूला कुणाला उभं राहू देऊ नका. फळीवरून उतरवत असाल तर फळीचं वरचं टोक फाळक्याच्या बिजागरीला बांधून घ्या. चाक वरून खाली येताना फळी मागे ढकलली जाते, आणि बाइक अर्ध्यात असताना ती घसरली तर दोघांनाही सावरता येत नाही.