शपथविधीला पहिल्यांदाच निघताय ना?

आधी तिकिटाचं. अमेरिकी अध्यक्षांच्या शपथविधीचं तिकीट फुकट असतं आणि ते तुमच्या भागातल्या सिनेटर किंवा प्रतिनिधीच्या कार्यालयातून मिळतं. निवडणुकीचा निकाल लागला की लगेच मागणी नोंदवा. कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. तिकीट नसलं तरी वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉलच्या मोकळ्या मैदानात उभं राहता येतं, पडद्यावर सगळं दिसतं.

तिकीट हातात आहे म्हणून उशिरा मात्र निघू नका. २००९ मध्ये जांभळी तिकिटं (रंगावरून उभं राहायचा विभाग ठरतो) असलेले हजारो लोक थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात तासन्‌तास ताटकळले आणि सोहळा हुकला. मला अजून त्यांच्यासाठी वाईट वाटतं. शपथ दुपारी बाराला असली तरी पहाटेच रांगेत लागा.

थंडीला कमी लेखू नका. दोन जोड लोकरी मोजे घाला, बुटात पाय आवळले जाणार नाहीत एवढी जागा ठेवा. पाय एकदा गारठले की मग कशातच लक्ष लागत नाही. पाठीवरची सॅक, थर्मास आत नेऊ देत नाहीत. खाऊ खिशात ठेवा. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. मेट्रोच्या कार्डात परतीचे पैसेही आदल्या दिवशीच भरा.

फार कडाका असला तर सोहळा आत हलवतात, १९८५ आणि २०२५ मध्ये तसंच झालं. तरीही जा. शपथ अवघ्या ३५ शब्दांची, पण त्या वेळी एवढा जनसमुदाय एकदम गप्प होतो, ते तिथेच अनुभवायला हवं.