घोगऱ्या आवाजाच्या मुलीस

प्रिय बाळ,

वाशीच्या कॉलेजात तुझा प्रवेश झाला, ऐकून फार बरं वाटलं. पण तोंडी परीक्षा टाळायला तू विषयच बदलायला निघालीस, असं आई म्हणाली. तो विचार आधी सोड.

लोकलमध्ये कोणी ‘घसा बसलाय का?’ विचारलं की तू नुसती मान डोलावतेस. फोनवर तर पलीकडचा माणूस सरळ ‘बोला दादा’ म्हणतो. हे सोसून गप्प राहण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात बाईंना भेट आणि सांग, ‘माझा आवाज जन्मापासून असाच आहे. हा संसर्ग नाही. तोंडी परीक्षेला मला माइक लागेल.’ घशावर जोर देऊन मात्र बोलू नकोस. लिपॉइड प्रोटिनोसिस या तुझ्या आनुवंशिक आजारात त्वचा आणि घशाचं अस्तर जाड होतं. त्यानेच तुझे स्वरतंतू जाड झालेत, ते नीट मिटत नाहीत.

ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं, असं आत्या अजून म्हणते ना? तिला सांग, उर्बाख आणि विथे या डॉक्टरांनी १९२९ सालीच लिपॉइड प्रोटिनोसिसचं वर्णन केलंय आणि २००२ साली त्याचं मूळ ईसीएम१ या जनुकात सापडलं. आईकडून एक आणि बाबांकडून एक, अशा दोन्ही प्रती सदोष आल्या तरच आजार होतो. म्हणून त्या दोघांचे आवाज खणखणीत आहेत. आईला उगाच बोल लावू देऊ नकोस. आणि पुढे कोणी मामाच्या मुलाचं स्थळ सुचवलं, तर आधी जनुकीय सल्ला घ्यायचा. नात्यात हीच सदोष प्रत असण्याचा संभव जास्त.

पापण्यांच्या कडेला ओळीने आलेले ते मण्यांसारखे दाणे खुडू नकोस. तुझी त्वचा नाजूक आहे, जखमेचा व्रण राहतो. डोळ्यात खुपायला लागले तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कधीही, कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगायचं. स्वरयंत्राची वाट अरुंद असली की श्वासाची नळी घालणं अवघड जातं. नाव मराठीत आणि इंग्रजीत कागदावर लिहून पाकिटात ठेव. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर उद्यावर न टाकता थेट इस्पितळ गाठ.

दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याला आलीस की नौपाड्यात दवाखान्यात ये, दुर्बिणीने घसा बघू. त्याआधी बाईंशी काय बोलणं झालं ते कळव.

तुझा,
डॉक्टरकाका