‘आज जेवण माझ्याकडून’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की परदेशातून आलेल्या सहकाऱ्याला जेवायला न्यायचं आहे, तर ‘बिल मी देणार’ हे त्याला इंग्रजीत कसं सांगावं, आणि ‘आय विल पे युवर बिल’ चालेल का.

व्याकरणाच्या दृष्टीने चालेल. पण म्हणू नका. ऐकणाऱ्याला वाटेल, मी पाकीट विसरलोय असं याला वाटलं की काय! आपण तरी मराठीत ‘तुझ्या जेवणाचे पैसे मी भरतो’ असं कुठे म्हणतो? ‘आज माझ्याकडून’ म्हणतो आणि विषय मिटतो. इंग्रजीतही पैशाचं नाव न काढताच हे बोलतात. ‘लंच इज ऑन मी’, किंवा नुसतं ‘इट्स ऑन मी’. ‘माय ट्रीट’ही तितकंच चालतं. तुमच्या कामासाठी खरं तर एवढं पुरे आहे.

‘माझ्याकडून’चं शब्दशः ‘फ्रॉम माय साइड’ मात्र करू नका. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात ते सगळ्यांना कळतं, ‘पार्टी फ्रॉम माय साइड’ मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. पण बाहेरच्या माणसाला ‘पार्टी’ म्हणजे दहा-वीस माणसं, गाणी, केक असलं काहीतरी वाटतं. दोघांनी बसून थाळी खाणं त्यात बसत नाही. आणि ‘ऑन द हाउस’ यात गोंधळू नका. त्याचा अर्थ हॉटेलवाल्याने स्वतःच्या खर्चाने दिलेलं, घरी जेवायला बोलावणं नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. ‘लंच इज ऑन मी’ हे निघताना किंवा ऑर्डर देण्याआधी म्हणायचं. म्हणजे समोरचा संकोचून सगळ्यात स्वस्त पदार्थ शोधत बसणार नाही (हा आपला अंदाज, कारण मी तेच करतो). बिल टेबलावर आल्यावर मात्र हात पुढे करत ‘लेट मी गेट धिस’ किंवा ‘आय’ल गेट धिस’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात वाक्प्रचार म्हणून ‘पिक अप द टॅब’ आणि ‘फूट द बिल’ शिकवतात, पण ते बहुतेक तिसऱ्याच माणसाबद्दल बोलताना येतात: कंपनीने खर्च उचलला, सासऱ्यांनी लग्नाचा खर्च केला, वगैरे. टेबलावर बसून ‘आय शॅल फूट द बिल’ म्हणालात तर नाटकातला संवाद वाटेल.

अमेरिकन पाहुणा ‘चेक’ म्हणाला तर बँकेचा चेक समजू नका. तिकडे हॉटेलच्या बिलालाच चेक म्हणतात.

आता खरी फसगत होते ती आमंत्रणात. मी काही वर्षं सिडनीत होतो. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, ‘वॉना ग्रॅब लंच?’ मला वाटलं, बोलावतोय म्हणजे तोच देणार. आपल्याकडे ‘चल, जेवायला जाऊ’ म्हणणाऱ्याने पैसे काढायचे असतात ना! तिथे काउंटरवर ऑर्डर देतानाच पैसे भरायचे होते. तो स्वतःचे भरून बाजूला झाला आणि मी पाकीट ऑफिसात ठेवून आलेलो. माझा चेहरा बघून मागचा दुसरा सहकारी म्हणाला, ‘माय शाउट.’ मी मनात म्हटलं, आता हा कशाला ओरडणार? त्याने शांतपणे माझे पैसे भरले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ‘शाउट’ म्हणजे दुसऱ्यासाठी खर्च करणं. पुढच्या शुक्रवारी तोच हसून ‘युवर शाउट’ म्हणाला, तेव्हा कळलं की हे फुकट नसतं, पाळी असते.

म्हणून बोलावतानाच ‘लेट मी टेक यू आउट टू लंच’ किंवा ‘लेट मी बाय यू लंच’ म्हणा. यात पैसे तुमचे हे आपोआप आलं. ‘ग्रॅब लंच’मध्ये येत नाही.

ब्रिटनमध्ये ही पाळीची पद्धत पबमध्ये दिसते. ‘माय राउंड’ म्हणजे या खेपेला सगळ्यांचे ग्लास मी आणतो. आपली पाळी आली की बाथरूमला जाणारा माणूस तिथे कायमचा बदनाम होतो. ही सवय इतकी पक्की की पहिल्या महायुद्धात, 1915 साली, लोकांनी कमी प्यावं म्हणून सरकारने दुसऱ्याला दारू पाजण्यावरच बंदी घातली होती. त्यातही जेवणासोबत पाजायची असेल तर सूट होती, म्हणजे तुमच्या बेताला तेव्हाही हरकत नव्हती.

आपल्या ‘टीटीएमएम’ला, म्हणजे ‘तुझं तू माझं मी’ला, ‘गो डच’ म्हणतात हे बहुतेकांना माहीत असतं. पाहुणा नेदरलँड्सचा, म्हणजे स्वतःच डच, असेल तर मी ‘लेट्स स्प्लिट इट’ म्हणेन, उगाच कशाला त्याच्या देशाला चिकटपणाचं लेबल लावा. (त्यांच्याकडे मित्रांकडून आपापला वाटा मागवायला ‘टिक्की’ नावाचं अ‍ॅप आहे, 2016 साली एबीएन अ‍ॅम्रो बँकेने आणलेलं. नाव ऐकून मला भूकच लागली होती.)

शेवटी, ओढाताण. ‘अहो राहू द्या, मी देतो’, ‘छे छे, मागच्या वेळी तुम्हीच दिलेत’, हात धुवायच्या निमित्ताने उठून गल्ल्यावर आधीच पैसे देऊन येणं, हे आपलं प्रेम आहे. परदेशी माणूस साधारण एकदाच विचारतो, ‘आर यू शुअर?’ त्यावर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ किंवा ‘आय इन्सिस्ट’ म्हणा. तो लगेच ‘थँक्स, नेक्स्ट वन्स ऑन मी’ म्हणून गप्प बसेल. त्याने आणखी आग्रह केला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. आणि तो अमेरिकन असेल तर कदाचित म्हणेल, ‘देन लेट मी गेट द टिप.’ तेवढं मात्र त्याला देऊ द्या.