इंग्लंडमधल्या एखाद्या गिरणी-गावात लहानपण गेलेलं इथे कुणी आहे का? कसे होते ते दिवस?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की इंग्लंड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे राजवाडे, हिरवळ आणि बशीतला नाजूक चहाचा कप येतो. मी वाढले बोल्टनमध्ये, मँचेस्टरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. राजवाडा नव्हता. चहा होता, पण मगात, आणि आपल्या नाक्यावरच्यासारखा कडक.

आम्ही गेलो १९६९ मध्ये, मी पाच वर्षांची होते. बाबा तीन वर्षं आधीच वर्क व्हाउचरवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, गेले होते. ते व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइल शिकलेले, आणि आजोबा लालबागच्या गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. बाबा कुठे निघालेत हे घरात सांगितलं तेव्हा आजीला ते नाव उच्चारता येईना. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, "बोल्टन? तां तर माझ्या मशिनीर लिवलेलां आसा." खरंच होतं. त्यांच्या यंत्राच्या टोकाला ओतीव लोखंडात उठावदार अक्षरं होती: डॉब्सन अँड बार्लो, बोल्टन. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, कुणीतरी कधीतरी वाचून दाखवलं असेल. पण त्या अक्षरांवरची रुई त्यांनी तीस वर्षं फडक्याने पुसली होती.

आमचं घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या शंभरेक घरांच्या रांगेतलं एक. खाली दोन खोल्या, वर दोन. पुढचं दार उघडलं की पाय थेट फुटपाथवर. मागे मूठभर परस, त्यात कोळशाची खोली आणि टोकाला संडास. हिवाळ्यात संडासाचा नळ गोठू नये म्हणून आत रॉकेलचा छोटा दिवा ठेवायचे. त्या दिव्यामुळे भिंतीवर स्वतःचीच सावली हलायची, आणि मी अंधारापेक्षा सावलीलाच जास्त घाबरायचे. आंघोळीचं पत्र्याचं टब भिंतीला खिळ्यावर टांगलेलं. आईचं पहिलं वाक्य होतं, "ह्यापेक्षा चाळ बरी, निदान बोलायला माणूस तरी असतं."

माणूस मिळालं, शेजारची नॅना. आजीला तिकडे नॅना म्हणतात, सगळी गल्लीच तिला नॅना म्हणायची. तिने चाळीसेक वर्षं मागावर काढली होती. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता ओठ मोठेमोठे हलवून, भुवया उडवून, हातवारे करून बोलायच्या. ह्याला ते मी-मॉ म्हणतात. गिरणी सुटली तरी सवय सुटत नसे. कुणाला दिवस गेले, कुणाचं ऑपरेशन झालं, असले विषय नॅना भिंतीपलीकडच्या बाईशी रस्त्यात उभी राहून मी-मॉनेच बोलायची, म्हणजे पुरुषांना आणि पोरांना पत्ता लागू नये. गंमत अशी की आईला इंग्रजीचा गंध नव्हता, पण नॅनाचं तिला पहिल्या दिवसापासून कळायचं. दोघी परसाच्या भिंतीवरून तासभर गप्पा मारत, एक मालवणीत, एक तिथल्या लँकेशायर भागाच्या बोलीत, आणि बहुतेक आवाज बंद. आई इंग्रजी शिकली ती कानांनी नव्हे, डोळ्यांनी. आजही ती समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. नव्या सुनेला वाटलं होतं, सासूबाई रागावल्यात.

नॅना दर आठवड्याला दाराची पायरी घासून तिच्या कडेला पिवळसर पट्टा काढायची. त्यासाठी साबणाच्या वडीएवढा दगड मिळायचा, डाँकी स्टोन. तो दुकानातून कुणी आणत नसे. भंगारवाला गाडी घेऊन यायचा, त्याला जुने कपडे दिले की बदल्यात दगड. आईने हे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर बोहारीण!" फक्त इथे बोहारीण मिशीवाली होती आणि भांड्यांऐवजी दगड द्यायची. मग आईनेही पायरी घासायला घेतली आणि कोपऱ्यात चार ठिपक्यांची रांगोळी काढायला लागली. बोल्टनच्या पावसात ती कधी दुपारपर्यंत टिकली नाही.

बाबा रात्रपाळीला असायचे. तिकडच्या गिरण्यांत आपली माणसं का गेली ह्याचं अर्धं उत्तर ह्या रात्रपाळीत आहे. मालकांनी महागडी नवी यंत्रं आणली होती, ती चोवीस तास चालली तरच परवडायची. बायकांना कारखान्यात रात्री कामाला लावायला कायद्याने मनाई, आणि तिथल्या पुरुषांना रात्रपाळी नकोशी. म्हणून रात्री गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी. बाबांच्या खात्यात मराठी ते एकटेच. डिप्लोमा बॅगेत, आणि सुरुवात रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, बॉबिन बदलण्यापासून. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की दिवसभर घरात कुजबुजायचं. सुट्टीत आम्ही भावंडं मागच्या बोळात हुंदडायचो आणि आई खिडकीतून ओठांनीच ओरडायची. मी-मॉ तिला लागलंच होतं.

शाळेबद्दल थोडक्यात. मैदानावर "पाकी" म्हणून हाका मारायचे, एकदा दप्तर चिखलात गेलं, बाईंनी "दुर्लक्ष कर" म्हटलं. मी केलं नाही, पण ती गोष्ट वेगळी. दूध मात्र आठवतं: एक तृतीयांश पिंटची बाटली, थंडीत गोठून वरचं झाकण साईने उचललेलं. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री थॅचरबाईंनी सात वर्षांवरच्या मुलांचं दूध बंद केलं आणि देशभर बोंब झाली. मी नेमकी सात वर्षांची. अख्ख्या इंग्लंडात खूश झालेली बहुतेक मी एकटीच असेन.

खाण्यात आमचं नातं जुळलं ते काळ्या वाटाण्यांवरून. पाच नोव्हेंबरला तिकडे होळी पेटवतात (नॅनाला 'आमच्याकडे फाल्गुनात असते' म्हटल्यावर ती म्हणाली, "थंडी संपल्यावर शेकोटी कशाला?"). त्या रात्री बोल्टन, बरी, रॉचडेल ह्या पट्ट्यात काळे वाटाणे खातात. रात्रभर भिजवायचे, मऊ शिजवायचे, कपात घालून वर मीठ आणि बचकभर व्हिनेगर. नॅनाने पहिल्या वर्षी वाडगा आणून दिला, आईने झाकण काढलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिनेगरमुळे नव्हे. आकाराने जरा मोठे, पण आमच्या कोकणातले तेच. दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन पौंड वाटाणे आणून तिने सांबारं केलं. नारळ कुठला, डबीतला सुका कीस भाजून वाटला. नॅनाने चाखलं, दोन ग्लास पाणी प्यायली आणि मी-मॉ करून काहीतरी म्हणाली, ते आईने आम्हाला कधीच सांगितलं नाही.

आणि धूर. १९२९ मध्ये बोल्टनला २१६ सूतगिरण्या होत्या. मी पाहिलं ते त्याचं उतरतं रूप, तरी धुरांडी मोजता मोजता मी चुकायचे. गावातल्या इमारती काळ्या दगडाच्याच असतात अशी माझी समजूत होती. एकदा एक इमारत पाण्याच्या फवाऱ्याने धुवायला घेतली आणि खालून मधाच्या रंगाचा दगड निघाला, तेव्हा मी बाबांना विचारलं, की ह्यांनी रंग का लावला? जूनच्या शेवटी मात्र गिरण्या एकदम बंद होत, बॉयलर साफ करायला, आणि अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. गणपतीला गिरणगाव रिकामं होऊन कोकणात जायचं ना, तसंच. धूर थांबला की आमच्या माडीवरून विंटर हिलचा डोंगर दिसायचा. इतर वेळी तिथे डोंगर आहे हे ऐकूनच माहीत.

धुरांडी पडायचीही. फ्रेड डिब्ना नावाचा अवलिया आमच्याच गावचा. १९७९ मध्ये बीबीसीने त्याच्यावर माहितीपट केला आणि तो देशाचा लाडका झाला, पण आम्हाला तो आधीपासून ठाऊक. सुरुंग न लावता तो धुरांड्याच्या बुंध्याच्या एका बाजूच्या विटा काढायचा, तिथे लाकडी टेकू ठोकायचा आणि टेकूंना आग लावायचा. टेकू जळले की धुरांडं त्या अंगाला. असं एक धुरांडं पडताना बाबा आम्हाला घेऊन गेले होते. बराच वेळ काहीच होत नाही. मग बुंध्याशी बारीक काळी रेघ दिसते, वर टोक अगदी सावकाश कलतं, आणि मधेच कंबरेत मोडतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही. वर्षभरात त्यांची गिरणीही बंद झाली. १९८२ मध्ये मुंबईत संप सुरू झाल्याचं काकांचं पत्र आलं, तेव्हा बाबा एका बेकरीत रात्रपाळी करत होते.

ह्या सगळ्याआधी, १९७६ च्या जूनमध्ये आजोबा आले. विलायतेची थंडी म्हणून माकडटोपी, दोन स्वेटर घेऊन आले आणि त्या वर्षी इंग्लंडात कधी नव्हे असा उन्हाळा पडला, पुढे पाण्याची टंचाई झाली. आजोबा बनियनवर पायरीवर बसायचे. एका रात्री उकाड्यामुळे गिरणीची दारं उघडी होती. बाबांनी जुन्या ओव्हरलुकरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, विचारून त्यांना आत नेलं, मला बरोबर घेतलं. आजोबा रांगेतून चालत गेले, एके ठिकाणी थांबले. धागा तुटला होता. त्यांनी चष्मा न शोधता दोन बोटांनी तो बॉबिनवरून उचलला, वर नेऊन जोडला, एकदा पीळ, आणि पुढे चालू लागले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मग ओव्हरलुकरला यंत्र दाखवून म्हणाले, "त्रासन. त्रासन."

आम्ही समजायचो की फार त्रास होतो म्हणून त्रासन. म्हातारा ओव्हरलुकर मात्र हसायलाच लागला. "थ्रॉसल!" त्याच्या आजीच्या वेळचा शब्द. लँकेशायरच्या बोलीत थ्रॉसल म्हणजे गाणारा एक पक्षी. जुनं सूतयंत्र चालताना त्याच्यासारखं गुणगुणायचं म्हणून यंत्राला ते नाव. यंत्राबरोबर शब्दही लालबागला गेला होता.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट नॅनाच्या कानावर गेली. सकाळी परसात तिने आजोबांची बाही ओढली आणि भिंतीवर बसलेला पक्षी दाखवला, तपकिरी पाठ, छातीवर ठिपके. तो उडू नये म्हणून आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाली, थ्रॉ-सल.

आजोबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच आईला म्हणाले, "ह्येका पगार किती मेळता?"