बाप्पाला आपण फसवतो का?

लाडक्या चिऊ आणि माऊ,

चिऊ, तुझा व्हॉइस मेसेज मी ऑफिसातून येताना ट्राममध्ये ऐकला आणि घरी आल्यावर परत एकदा ऐकला. मागे आजीची मालिका चालली होती, माऊ "मला पण बोलायचंय" म्हणून फोन ओढत होती, आणि तू मात्र अगदी हेडबाईंच्या आवाजात विचारत होतीस, "आई, आजी बाप्पासाठी कापसाचे मणी करते आणि म्हणते हे त्याचं वस्त्र. पण ते कपडे नाहीतच, नुसता कापूस आहे. मग आपण बाप्पाला फसवतो का?"

उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण फोनवर तू अर्ध्यातच "हो हो, कळलं" म्हणून पळतेस. म्हणून लिहिते आहे. तू वाच, माऊला वाचून दाखव आणि आजीलाही मोठ्यानं ऐकव. नाहीतर तिला वाटायचं, सूनबाईनं स्टुटगार्टहून माझी काय तक्रार लिहिली!

आधी एक कबुली. तुझ्याएवढी असताना मीही हेच विचारलं होतं, ठाण्यातच, चरईतल्या आमच्या जुन्या घरी, माझ्या आजीला. ती म्हणाली, "बोलू नकोस, वळ. बोललं की कापसावर थुंकी उडते." एवढंच. त्यामुळे आता सांगते ते तिचं उत्तर नाही. माझं आहे, आणि सुचायला बरीच वर्षं लागली आहेत.

श्रावणात दुपारची जेवणं आवरली की आजी कापसाचा स्टीलचा डबा काढते आणि पंखा बंद करते. तुम्हाला हेच सगळ्यात खुपतं, मला माहीत आहे. बाहेर ठाण्याचा पाऊस, आत घामाच्या धारा, आणि पंखा बंद. पण पंखा लावला की कापूस सोफ्याखाली, टीव्हीमागे, बाबांच्या चहात. चहात तो एकदा खरंच पडला होता आणि बाबा साय समजून प्यायले होते. विचारा त्यांना.

कापूस आधी पिंजायचा. म्हणजे बोटांनी अलगद मोकळा करायचा, सरकी असेल ती काढायची, काडीकचरा वेचायचा. मग त्याची बोटभर रुंद, लांब पट्टी ओढायची. माऊ, ओढायची म्हणजे खेचायची नाही हं. तू खेचतेस म्हणून तुझी तुटते. दोन्ही हातांनी थोडं सैल करायचं, थोडं पुढं सरकायचं, परत सैल करायचं. मग बोटं ओल्या कुंकवात बुडवून, सुपारीएवढं अंतर सोडून, चिमटीत धरून पीळ द्यायचा. पीळ बसतो तिथं लाल कंबर तयार होते आणि दोन कंबरांच्या मधला कापूस आपला आपण फुगून मणी होतो. मला या सगळ्यात हेच फार आवडतं. मणी कुणी करत नाही. आपण फक्त त्याच्या शेजारची जागा आवळतो.

असे एकवीस मणी झाले की बाप्पाचं वस्त्र झालं. आजी त्याला गेजवस्त्र म्हणते, शेजारच्या काकू वस्त्रमाळ म्हणतात. रोजच्या देवांना दोन मणी पुरतात. माऊच्या मण्यांना तू बटाटे म्हणतेस असं कळलं. म्हणू नकोस. माझेही बटाटेच व्हायचे.

आता चिऊसाठी एक गंमत. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी असते. एकच, पण लांबच लांब! बोंड मिटलेलं असतं तोवर ती ओली आणि नळीसारखी गोल असते. बोंड उमललं की वाळते, चपटी होते आणि वाळता वाळता तिला आपोआप पीळ पडतो. भिंगातून बघशील तर पिळलेली रिबीन दिसेल. म्हणून तर एक तंतू दुसऱ्याला अडकतो आणि आजीनं नुसती चिमूट फिरवली तरी कंबर सुटत नाही. आजी पीळ देते, पण त्याच्या आधीचा पीळ कापसातच असतो.

हे मला इथं येऊन कळलं, तेही फजिती झाल्यावर. गेल्या वर्षी गणपतीला इथल्या दुकानात कापूस शोधला तर मिळाल्या मेकअप पुसायच्या गोल चकत्या. म्हटलं, कापूस तो कापूस. तासभर बसले. चकती दाबून दाबून इतकी गुळगुळीत केलेली की पीळ द्यावा आणि हात सोडावा तर ती परत सरळ. शेवटी शिवायच्या दोऱ्यानं बांधलं. व्हिडिओ कॉलवर ते वस्त्र बघून आजी म्हणाली, "अगं, देवाला बँडेज का बांधलंस?"

बरं, तुझा प्रश्न.

गुरुजी पूजा सांगतात तेव्हा तू बाबांच्या शेजारी बसतेस ना? या वेळी कान देऊन ऐक. वस्त्र वाहताना ते म्हणतात, "वस्त्रोपवस्त्रार्थे कार्पासवस्त्रं समर्पयामि." कार्पास म्हणजे कापूस, आपला शब्द तिथूनच आला. अर्थ काय, तर वस्त्रं आणि उपरणं म्हणून हे कापसाचं वस्त्र देतो. थोडं पुढं गेलं की, "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि." दागिन्यांसाठी तांदूळ देतो. ऐकलंस? सगळं तोंडानं स्पष्ट सांगून चाललंय. "हा शालू आहे" असं कुणी म्हणत नाही, "हा हार सोन्याचा आहे" असंही नाही. कापूस आहे, कपड्यांसाठी घे. तांदूळ आहेत, दागिन्यांसाठी घे. फसवणारा माणूस आधी सांगून फसवतो का?

तुम्ही दोघी गॅलरीत भातुकली मांडता तेव्हा चुरमुऱ्यांचा भात असतो आणि पाण्यात हळद घातली की आमटी. बाबा जेवायला येतात, भुरके मारतात, "मीठ कमी आहे" म्हणतात. तेव्हा तुम्ही बाबांना फसवता का? आणि बाबा तुम्हाला? माऊ तर रागावते, बाबांनी हळदीचं पाणी तसंच ठेवलं की. मोठी माणसं देवाशी भातुकलीच खेळतात, चिऊ. फक्त आंघोळ करून, सोवळ्यानं आणि फार गंभीर चेहऱ्यानं. आजीला हे वाक्य वाचून दाखवशील तेव्हा जरा लांब उभी राहा.

एकदा हे ध्यानात आलं की आपल्याकडे जिकडेतिकडे तेच दिसायला लागतं. दसऱ्याला तू खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या हातात आपट्याचं पान ठेवून "सोनं घ्या" म्हणतेस आणि ते "सोन्यासारखी राहा" म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन सोनाराकडे जात नाहीत. संक्रांतीला माऊच्या बोरन्हाणाच्या वेळी तिला हलव्याचे दागिने घातले होते. हार, बाजूबंद, मुकुट, सगळं साखरेचं. मुकुट तिनं चाटून अर्धा केला, फोटो आहे. आणि माझ्या माहेरच्या गौरी तर खड्यांच्या. पाणवठ्यावरून खडे आणायचे आणि आणताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. चरईत नदी कुठली? इमारतीमागच्या बुजत आलेल्या विहिरीपाशी जाऊन मी सात खडे वेचायची. जिन्यात मैत्रिणी मुद्दाम हसवायच्या आणि मी गाल फुगवून, डोळे मोठे करून वर यायची. दारात आई त्या खड्यांवरून भाकरतुकडा ओवाळायची आणि माझ्या पायांवर पाणी घालायची. तळहातावर खडेच होते, मला दिसत होते की. पण उंबरा ओलांडताना चालायची मात्र मी अगदी सावकाश, गौरींना हिसका बसू नये म्हणून.

आता तू म्हणशील, परवडत नव्हतं म्हणून कापूस, आता परवडतं तर खरा शेला आणू. आण की. गोखले रोडवर गणपतीच्या आधी छोटे छोटे शेले, फेटे, काय हवं ते मिळतं, आणि आजीनं मागं एक जरीचा घेतलाय, कपाटात खालच्या खणात आहे. तो ती मूर्तीला घालतेच. पण शेला असला तरी वस्त्र कापसाचंच होतं, हे तू पाहिलं असशील. शेला आजीनं दुकानातून निवडला, दहा मिनिटांत. वस्त्राला तीन दुपारी गेल्या, पंख्याविना.

तयार वस्त्रंही मिळतात. जांभळी नाक्याला, कौपीनेश्वराच्या देवळाजवळच्या पूजेच्या दुकानांत पाकिटं टांगलेली असतात, सोनेरी चकमक लावलेली. मला ती चकमक आवडत नाही. पण खरं सांगायचं तर तुम्ही दोघी अगदी लहान होतात तेव्हा सलग तीन वर्षं मी तीच पाकिटं आणली होती, आणि बाप्पा रुसल्याचं काही आठवत नाही. आजी रुसली होती.

नाक्याचं नाव निघालं म्हणून सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या मार्को पोलोनं आपल्या ठाण्याविषयी लिहून ठेवलंय, की इथून जहाजं भरून चामडं, कापड आणि कापूस परदेशी जातो. सातशे वर्षं झाली त्याला. म्हणजे ठाण्यातून परदेशी कापूस पाठवायची पद्धत जुनीच आहे. हे का सांगतेय ते शेवटी कळेल.

माऊचा प्रश्न राहिलाच. मेसेजच्या अगदी शेवटी ती ओरडली होती, "वात जळते तर संपत का नाही?" माऊ, कारण जळतं ते तूप. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक बारीक फटींतून तूप वर चढतं, टोकाशी जाऊन तापतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. निरांजनात तूप आहे तोवर वात जवळजवळ तशीच राहते. तूप संपलं की मग वातीची पाळी. म्हणून आजी म्हणते ना, "तूप घाल गं, वात जळायला लागली." आणि वात फार वर काढली की तूप जास्त चढतं, सगळं नीट जळत नाही, मग काजळी धरते. तेव्हा ती उदबत्तीच्या काडीनं वात खाली ढकलते. काडी तू हातात घ्यायची नाही. चिऊनंही नाही.

इथं निरांजन लावणं म्हणजे एक उद्योगच आहे. एक तर ऑगस्टमध्ये साडेआठपर्यंत लख्ख उजेड, त्यामुळे दिवेलागण कधी म्हणायची हेच कळत नाही. तुमचे साडेसात वाजतात तेव्हा इथे दुपारचे चार. मी घड्याळात तुमचे साडेसात बघते आणि ऑफिसात मनातल्या मनात शुभंकरोति म्हणते. दुसरं म्हणजे छताला धूर ओळखणारं यंत्र आहे. गेल्या वर्षी आरतीला कापूर जरा जास्त झाला आणि ते असं केकाटलं की शेजारच्या आजीबाई गाऊनवरच धावत आल्या. मी टॉवेलनं धूर घालवत होते, एका हातात घंटा तशीच. त्यांना काय सांगू? मोदक दिला. खाल्ला त्यांनी, आणि दुसऱ्या दिवशी दारावर सफरचंदांची पिशवी अडकवलेली होती.

तर माझं एक काम करा. पुढच्या आठवड्यात बाबांचे ऑफिसातले मित्र इकडे येणार आहेत. त्यांच्याकडे कापसाचं वस्त्र द्या, आणि जमलं तर डब्यात दहा-बारा फुलवाती. वस्त्र दोघींनी करायचं, आजीनं हात लावायचा नाही. बटाटे झाले तरी चालतील. ते चपटणार नाही असं ठेवा, माऊचा जुना चष्म्याचा डबा आहे ना, निळा, त्यात बरोबर बसेल.

फक्त एकवीस मण्यांचं करू नका. माझा बाप्पा इथं सुपारीचा आहे, वाटीतल्या तांदळावर बसवलेला. एकवीस मण्यांत तो पार बुडून जाईल. दोनच मणी करा, एक चिऊचा, एक माऊचा.

तुमची,
आई